जवानाचा घटस्फोट: मूल कोणाकडे, पोटगी कुठून आणि तारखेला यायचं कसं?

समजा, नवरा अरुणाचलच्या सीमेवर आहे. बायको सहा वर्षांच्या मुलीला घेऊन साताऱ्यात माहेरी राहते. दोघांनाही वेगळं व्हायचंय. मग केस कुठे चालणार? सैन्याचा काही वेगळा कायदा आहे का?

घटस्फोटासाठी तरी नाही. जोडपं हिंदू असेल तर हिंदू विवाह कायदाच लागू होतो, आणि घटस्फोट कोर्टच देतं. कमांडिंग ऑफिसर नाही. 2003 च्या दुरुस्तीमुळे बायको स्वतः राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते. म्हणजे केस साताऱ्यात चालू शकते.

मुलीच्या ताब्याचं काय? 1956 च्या कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं. त्यापुढे एकच कसोटी, मुलाचं हित. 'फौजी आहे म्हणून ताबा नाही' असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण शाळेतून आल्यावर मुलीकडे कोण बघतं, ताप आला तर रात्री कोण जागतं, हे कोर्टात निघतंच. फील्ड पोस्टिंगवरच्या बापाला इथे आजीचं नाव सांगावं लागतं, आणि तिथे त्याची बाजू लंगडी पडते.

म्हणून त्याने भेटीच्या अटी नीट मागून घ्याव्यात. 'महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार' हा नेहमीचा आदेश त्याच्या काही कामाचा नाही. रजेच्या काळात सलग काही दिवस आणि एरवी व्हिडिओ कॉल, असं मागता येतं. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटलंय की ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी फोनवर, शक्य असेल तर व्हिडिओवर, नियमित बोलता आलं पाहिजे.

आता तारखा. रजा मंगळवारी संपते आणि कोर्ट पुढच्या महिन्याची तारीख देतं, ही फौजींची जुनी तक्रार. त्यावर आर्मी अॅक्ट, 1950 मध्ये कलम 32 आहे. खटल्यासाठी रजा मिळाल्याचा लष्करी अधिकाऱ्याचा दाखला दिला, तर कोर्टाने शक्यतो त्या रजेतच सुनावणी संपवायची असते. हे कलम वकिलालाही माहीत असेलच असं धरून चालू नका. शिवाय जवान युद्ध किंवा विशेष परिस्थितीत सेवेत असेल, तर 1925 च्या कायद्याखाली खटला थांबवता येतो. पण ही तरतूद बायकोला वर्षानुवर्षं लटकवून ठेवण्यासाठी नाही.

पोटगीचं गणित मात्र वेगळं आहे. कलम 28 प्रमाणे दिवाणी कोर्टाच्या हुकुमाने जवानाचा पगार जप्त होत नाही. मग बायकोने काय करायचं? ती थेट त्याच्या युनिटकडे अर्ज करू शकते. चौकशीनंतर सैन्यच पगारातून रक्कम कापून तिला देतं: लष्कराच्या आदेशानुसार पत्नीसाठी जास्तीत जास्त 22 टक्के, मुलांसह एकूण 33 टक्क्यांपर्यंत. मॅजिस्ट्रेटकडे पोटगी मागायचा मार्ग वेगळा, तोही खुला असतो.

घटस्फोटाचा हुकूम झाला की बायकोचं कँटीन कार्ड आणि मिलिटरी हॉस्पिटल बंद होतं. मुलीचा हक्क मात्र तिच्या वडिलांवरून येतो, तो आईच्या घटस्फोटाने जात नाही. आपसांत समझोता करताना मुलीचं डिपेंडंट कार्ड कोण काढणार आणि ते कोणाकडे राहणार, हे त्यात लिहून घ्या.