करंजी गोठवावी कधी?

ओल्या नारळाच्या करंज्या तळून डब्यात ठेवल्या, की दुसऱ्याच दिवशी मऊ पडतात. सुक्या खोबऱ्याच्या दिवाळीतल्या करंज्या मात्र कितीतरी दिवस खुसखुशीत राहतात. पारी तीच, मोहन तेच. मग फरक कशाचा?

फरक आहे सारणातल्या पाण्याचा. तळताना पारीतले बरेचसे पाणी वाफ होऊन निघून जाते. ओल्या सारणात मात्र ते भरपूर उरते आणि हळूहळू कोरड्या पारीत शिरते. पाश्चात्त्यांच्या घरी होणाऱ्या सफरचंदाच्या ‘पाय’चीही हीच अडचण असते.

करंज्या फ्रीझरमध्ये ठेवल्या तर? उणे १८ अंश सेल्सिअसला बहुतेक पाणी गोठते आणि त्याचे सरकणे जवळजवळ थांबते. पण बर्फ होताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. शिवाय घरच्या फ्रीझरमध्ये पदार्थ सावकाश गोठतो, त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि खोबऱ्याच्या पेशी फाटतात. करंजी बाहेर काढली, की या पेशींतले पाणी पाझरून तळलेली पारी भिजवते.

म्हणून करंजी तळण्याआधी गोठवावी. कच्च्या करंज्या एकमेकींना न चिकटतील अशा ताटात गोठवाव्यात, मग हवाबंद पिशवीत भराव्यात. त्या वितळू न देता, वरचा बर्फ झटकून, थोड्या थोड्या मध्यम आचेवर तळाव्यात. बर्फामुळे गरम तेल उडते, तेव्हा हे काम मोठ्यांनीच करावे.

तळलेल्या करंज्या उरल्याच, तर त्या ओव्हनमध्ये किंवा झाकण न ठेवता मंद तव्यावर गरम कराव्यात. तेथे पारी बाहेरून तापते व तिच्यातले पाणी उडून जाते. मायक्रोवेव्हमध्ये ओले सारण तापून वाफ पारीत शिरते. भोवतालची हवा थंडच असल्याने पारी सुकत नाही आणि चिवट होते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. गोठवल्याने सगळे जीवाणू मरत नाहीत. त्यांची वाढ तेवढी थांबते. वीज जाऊन करंज्या वितळल्या आणि काही तास तशाच उबेत राहिल्या, तर त्या पुन्हा गोठवू नयेत, टाकून द्याव्यात. काही जीवाणूंची विषे पुन्हा तापवूनही नष्ट होत नाहीत. ‘उकळले म्हणजे निर्धोक’ हा समज येथे धोक्याचा ठरतो.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. काकडीच्या सारख्या जाडीच्या दोन चकत्या घ्या. एक रात्रभर फ्रीझरमध्ये आणि दुसरी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळी दोन्ही टीपकागदावर ठेवून तासाभराने पाहा. कोणता डाग मोठा, आणि का? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.