त्रिशूरचा काळा हरीण

कोल्हापुरात पोरांना फुटबॉल शिकवताना मी आय. एम. विजयन यांचं नाव हमखास घेतो. स्ट्रायकर म्हणजे नुसती जोरात किक, हा पोरांचा समज मला खोडायचा असतो. विजयन उंचावरून आलेला चेंडू छातीवर अलगद घेत आणि बचावपटू वळायच्या आत फटका मारत.

जन्म १९६९चा, केरळातल्या त्रिशूरचा. घरची गरिबी. तिथल्या महापालिकेच्या स्टेडियमवर सामन्यांना ते लहानपणी सोडा विकत. बाटलीमागे दहा पैसे सुटत. त्याच त्रिशूरला १९९० मध्ये केरळ पोलिसांनी गोव्याच्या साळगावकरला हरवून फेडरेशन कप जिंकला, तेव्हा विजयन त्या संघात होते! हे सांगताना आजही माझा गळा दाटतो.

पुढे मोहन बागान, जेसीटी, एफसी कोचीन, गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. तीनदा ते वर्षातले सर्वोत्तम भारतीय फुटबॉलपटू ठरले. १९९९च्या सॅफ क्रीडास्पर्धेत त्यांनी भूतानवर अवघ्या १२ सेकंदांत गोल केला. असा गोल पायांच्या आधी डोक्यात तयार असावा लागतो. शिट्टीपूर्वीच समोरची बचावफळी वाचलेली असते. मी पोरांकडून नेमकं हेच वाचन घोटून घेतो.

२००३ मध्ये हैदराबादच्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत चौतिशीतल्या विजयन यांनी सर्वाधिक, ४ गोल केले आणि भारताची जर्सी उतरवली. पद्मश्री मिळाली ती मात्र २०२५ मध्ये. फार उशिरा, असं माझं स्पष्ट मत आहे.