जवळची भाजी, लांबचा ट्रक

‘आपल्या मातीतलं खा, पर्यावरण वाचेल’ हे हल्ली पंगतीतही ऐकू येतं. हेतू चांगला, हिशेब मात्र अर्धाच.

पहिला गैरसमज अंतराचा. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो दोंडाईच्याला यायला साधारण दोनशे किलोमीटर पडतात. दहा टन माल भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर चालतो असं धरलं, तर ५० लिटर डिझेल जळतं आणि सुमारे १३५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मालावर वाटला की किलोमागे १३-१४ ग्रॅम. ट्रक रिकामा परतला तरी २७. तोच एक किलो टोमॅटो आणायला मोटारसायकलवर दोन किलोमीटर जाऊन आलात, तर दोनशे ग्रॅम! पूर आणि नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली ‘सायन्स’मध्ये जगभरच्या अन्नाचा हिशेब मांडला. त्यात वाहतुकीचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास निघतो. विमानानं येणाऱ्या फळांची गोष्ट निराळी.

खरा फरक पडतो शेतात. दादर ज्वारी घ्या. पावसाळा सरताना काळ्या जमिनीत पेरायची. ती साठलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढते. मोटर बहुधा लागतच नाही. दाणा आपल्याला, कडबा गुरांना. भाकरीत उडीद घालून कळणा केला तर आणखी बरं, कारण उडीद मुळांवरच्या गाठींमधून स्वतःचं नत्र स्वतः मिळवतो. युरिया जास्त झाला की जमिनीतून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट तापदायक आहे.

दुसरा गैरसमज: स्थानिक आहे म्हणजे पाणी कमीच लागत असणार. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्याइतकं ‘आपलं’ दुसरं काय? पण तिला वर्षभर पाणी लागतं. ठिबकनं पुष्कळ वाचतं, तरी बोअर खोल गेली की मोटर जास्त चालते, आणि आपली वीज अजून बरीचशी कोळशाची. भुसावळजवळचं दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र काही फार लांब नाही. भाताचंही तसंच: खाचरात पाणी साचलं की मिथेन निघणार, मग खाचर नवापूरचं असो की पंजाबचं.

भरिताची वांगी मात्र हिवाळ्यातच खावीत. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजून बडगीत ठेचलेलं भरीत गॅसवर होत नाही, हे माझं मत. पण शेतातला काडीकचरा इंधन म्हणून वापरला जातो, हा फायदा मोजता येतो.

आणि इथं पिकतं ते इथंच खाल्लं जातं, असंही नाही. दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना आहे. शिवारातला मका ताटात न येता तिकडे जाऊ शकतो. खात्रीचं गिऱ्हाईक असेल तर शेतकरी मका पेरणारच, त्यात त्याचं काय चुकलं? दादर हवी असेल तर तिलाही तसंच गिऱ्हाईक हवं. चार घरांनी मिळून तापीकाठच्या ओळखीच्या शेतकऱ्याला पेरणीआधीच सांगून ठेवावं आणि वर्षाची पोती एकाच टेम्पोत आणावीत.