खिशातील कारभारी

पूर्वीच्या काळी मोठ्या वाड्यांतून कारभारी असत. दप्तर त्यांच्या हाती, किल्ल्या त्यांच्या कमरेला आणि धन्याच्या घरातील लहानमोठी प्रत्येक गोष्ट त्यांना ठाऊक. धनी स्वतः हिशेब जाणणारा असला, की कारभारी चोख काम करी. धनी बेसावध असला, तर मात्र वाड्याच्या किल्ल्या कोणाच्या हाती जातील याचा नेम नसे. असाच एक कारभारी आज घरोघरी येऊन राहिला आहे. तो पत्रे पोचवितो, वाट दाखवितो, पैशांची देवघेव करतो, छायाचित्रे जपून ठेवतो आणि रात्री उशाशी जागा राहतो. स्मार्टफोन हे त्याचे नाव. त्याच्याकडून उत्तम काम करून घ्यावयाचे, तर त्याचे गुण, त्याच्या गरजा आणि त्याची दुखणी धन्याला समजलीच पाहिजेत.

या कारभाऱ्याचे कूळ फार जुने नाही. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर नावाच्या अभियंत्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातल्या बिनतारी फोनवरून पहिले संभाषण केले. त्या फोनचे वजन एक किलोग्रॅमहून अधिक होते. भारतात असे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीतील केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. पुढे २००७ साली आयफोन आणि २००८ साली अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन बाजारात आला, आणि बोलण्याचे हे साधन सर्व कामांचे यंत्र बनले. १९६९ साली मानवाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो यानातील संगणकाची कामचलाऊ स्मृती सुमारे ४ किलोबाइट होती. आजच्या साध्या फोनमध्येही ती ४ गिगाबाइट, म्हणजे दहा लाख पटींहून अधिक असते. एवढे सामर्थ्य मुठीत असूनही पुष्कळांचा फोन केवळ बोलणे आणि करमणूक यांपलीकडे जात नाही. हा दोष यंत्राचा नव्हे.

फोनचे अंतरंग समजण्यास पाटी आणि वही यांचे उदाहरण पुरेसे आहे. विद्यार्थी गणित करताना आकडेमोड पाटीवर करतो आणि जे जपावयाचे ते वहीत उतरवितो. फोनमध्येही अशा दोन स्मृती असतात. ‘रॅम’ ही त्याची पाटी. चालू असलेले काम तिच्यावर मांडलेले असते आणि फोन बंद होताच ती कोरी होते. ‘स्टोरेज’ ही त्याची वही. छायाचित्रे, पत्ते व पुस्तके तीत कायम राहतात. फोन मंदावला, अडखळू लागला, की जाणते लोक तो बंद करून पुन्हा सुरू करावयास सांगतात. यात जादू काही नाही. दिवसभराच्या खाडाखोडीने भरलेली पाटी पुसली जाते, एवढेच. वही भरत आली असेल, तर मात्र पाटी पुसून भागत नाही. एकच छायाचित्र दहा ठिकाणांहून येऊन साठते, सकाळच्या शुभेच्छांचे ढीग पडतात, आणि नव्या कामास जागा उरत नाही. अशा वेळी सेटिंग्जमध्ये जाऊन कोणी किती जागा अडविली आहे ते पाहावे व निरुपयोगी भाग काढून टाकावा.

फोनला निरनिराळी कौशल्ये देणाऱ्या आज्ञावलींना अ‍ॅप म्हणतात. अ‍ॅप पुष्कळ असण्यापेक्षा उपयोगाचे असणे महत्त्वाचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप परिसरात वीज पडण्याचा संभव असल्यास सूचना देते. वळवाच्या पावसात उघड्या शेतावर असलेल्या माणसाला ती सूचना वेळेवर मिळाली आणि त्याने झाडाखाली न थांबता पक्क्या घराचा आसरा घेतला, तर त्याचा प्राण वाचू शकतो. ‘मेघदूत’ हे अ‍ॅप शेतकऱ्यांना हवामान व पिके यांविषयी सल्ला देते. ‘दीक्षा’ या अ‍ॅपमधून पाठ्यपुस्तकावरील क्यूआर चिन्ह फोनला दाखविले, की त्या पाठाचे साहित्य समोर येते. ‘डिजिलॉकर’मध्ये गुणपत्रिका व इतर प्रमाणपत्रे सुरक्षित ठेवता येतात. नकाशाचे अ‍ॅप तर प्रवाशाचा सोबतीच होय. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकून फोन स्वतःचे स्थान ठरवितो. हे संदेश ऐकण्यास इंटरनेट लागत नाही. नकाशा उतरवून घेण्यास मात्र लागते. म्हणून सह्याद्रीच्या घाटात शिरण्यापूर्वीच त्या भागाचा नकाशा फोनमध्ये साठवून घेणारा प्रवासी शहाणा ठरतो.

पुष्कळांना ठाऊक नसलेले गुणही फोनच्या अंगी आहेत. त्याची भाषा मराठी करता येते, अक्षरे मोठी करता येतात आणि बोललेले वाक्य तो लिहून घेतो. ज्यांना दृष्टी नाही, त्यांना तो पडद्यावरील मजकूर वाचून दाखवितो. इंग्रजी येत नाही म्हणून फोनला बिचकणाऱ्या आजीसाठी एवढा बदल करून दिला, तर परके यंत्र तिला आपलेसे वाटू लागते.

कारभाऱ्याचे अन्न म्हणजे वीज, आणि ती साठविणारी लिथियम-आयन बॅटरी हे त्याचे पोट. या बॅटरीच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तीत लिथियमचे विद्युतभारित कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ये-जा करीत असतात. अति उष्णता, पूर्ण रिकामे होणे आणि शंभर टक्के भरलेल्या स्थितीत दीर्घकाळ राहणे, या तिन्ही गोष्टींनी तिचे आयुष्य घटते. म्हणून शक्यतो वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान तिला ठेवावे. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत किंवा उशीखाली ठेवून फोन कधीही चार्ज करू नये. बॅटरी लवकर उतरत असेल, तर प्रथम पडद्याचा प्रकाश कमी करावा. कारण वीज खाणाऱ्यांत पडदा अग्रेसर असतो. जेथे मनोरा दूर आणि संदेश क्षीण, तेथे फोन अधिक जोराने हाका मारीत राहतो व त्याची शक्ती झपाट्याने संपते. दुर्गम भागात काम नसेल तेव्हा ‘विमान मोड’ लावून ठेवल्यास ही उधळपट्टी टळते. बॅटरी फुगून फोनची पाठ वर आली, तर तो लगेच बंद करावा. दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. ती आगीची पूर्वसूचना समजून तो जाणकार दुरुस्ती केंद्रात द्यावा.

फोन बिघडला, की अनेक जण गोंधळून जातात आणि दिसेल ते बटण दाबत सुटतात. वास्तविक येथे वैद्याची रीत उपयोगी पडते. वैद्य प्रथम लक्षणे पाहतो, मग कारण शोधतो आणि साध्या औषधापासून सुरुवात करतो. प्रथम पाहावे, की बिघाड सर्वत्र आहे की एकाच अ‍ॅपमध्ये. एकाच अ‍ॅपमध्ये असेल, तर ते बंद करावे, त्याची नवी आवृत्ती घ्यावी किंवा ते काढून पुन्हा बसवावे. संपर्क मिळत नसेल, तर त्याच कंपनीची सेवा घेणाऱ्या शेजाऱ्याच्या फोनकडे नजर टाकावी. त्याचाही फोन मुका असेल, तर दोष मनोऱ्याचा. नसेल, तर विमान मोड क्षणभर लावून काढावा आणि सिमकार्ड नीट बसले आहे की नाही ते पाहावे. चार्ज होत नसेल, तर दुसरी तार व दुसरा चार्जर लावून पाहावा. कित्येकदा खिशातील सुताचे तंतू व धूळ फोनच्या छिद्रात साचलेली असते. फोन बंद करून ती कोरड्या मऊ कुंचल्याने अलगद काढावी, टाचणी मुळीच खुपसू नये. नवे अ‍ॅप घेतल्यानंतर फोन विचित्र वागू लागला, तर अँड्रॉइड फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा, त्या स्थितीत बाहेरून आणलेली अ‍ॅप झोपी जातात. तेव्हा फोन सुरळीत चालला, तर अपराधी त्यांच्यांतच आहे हे सिद्ध होते.

फोन पाण्यात पडला, तर तो तांदळाच्या डब्यात ठेवण्याची चाल पडली आहे. ती सोडून द्यावी. तांदळाचे बारीक कण आत शिरून नवेच दुखणे निर्माण होते. फोन बंद करावा, पुसावा, छिद्रे खाली करून हलकेच झटकावा आणि हवेशीर जागी पूर्ण वाळू द्यावा. तोवर चार्जर लावू नये. सर्व उपाय थकले, म्हणजे अखेरचा उपाय फोनला मूळ स्थितीत नेण्याचा. त्याने वहीतील सर्व पाने पुसली जातात. म्हणून महत्त्वाच्या गोष्टींची दुसरी प्रत अन्यत्र ठेवण्याची सवय बिघाड होण्यापूर्वीच लावून घ्यावी. दिवंगत आप्ताचे एकमेव छायाचित्र गमावल्यावर कोणताही तंत्रज्ञ ते परत आणून देईलच असे नाही.

आता किल्ल्यांचा विचार. नवे अ‍ॅप काही परवानग्या मागते. नकाशाने स्थान विचारावे, हे योग्य. परंतु केवळ उजेड पाडणाऱ्या विजेरीच्या अ‍ॅपला ओळखीच्या लोकांचे क्रमांक कशाला हवेत? मागणी कामाशी जुळत नसेल, तर नकार द्यावा. अ‍ॅप अधिकृत भांडारातूनच घ्यावे. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेल्या संदेशातील फाइलच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतील, तर ती पत्रिका नव्हे. ते घरात शिरू पाहणारे अ‍ॅप होय. फोनकडून येणाऱ्या सुधारणा मात्र टाळू नयेत. चोरांना सापडलेल्या फटी त्यांनीच बुजविल्या जातात.

२०१६ सालापासून यूपीआय पद्धतीने पैसे देणे-घेणे सुलभ झाले आहे. तिचा एक नियम घरातील प्रत्येकाने पाठ करावा: पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही. बक्षिसाचे पैसे मिळण्यासाठी पिन टाका, असे कोणी म्हणाले, तर तो बक्षीस देणारा नसून खिसा कापणारा आहे. पोलिसांचा वेष करून पडद्यावर दिसणारा आणि घरातल्या घरात ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगणारा माणूसही ठकच. अशी अटक भारतीय कायद्यात नाही. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका विलंब कमी, तितकी पैसे अडविण्याची शक्यता अधिक. तसेच प्रत्येक फोनला पंधरा आकड्यांचा आयएमईआय क्रमांक असतो. तारका, हॅश, शून्य, सहा, हॅश ही चिन्हे क्रमाने दाबली, की तो पडद्यावर येतो. तो कागदावर लिहून ठेवावा. फोन हरविल्यास ‘संचार साथी’ या सरकारी सेवेमार्फत तो निरुपयोगी करण्यास त्याचा उपयोग होतो.

या सर्वांहून मौल्यवान अशी एक वस्तू फोन हळूच घेऊन जातो. ती म्हणजे वेळ. क्षणोक्षणी वाजणाऱ्या सूचना मन एका जागी ठरू देत नाहीत. अनावश्यक सूचना बंद करता येतात, आणि दिवसातील किती तास कोणत्या अ‍ॅपने खाल्ले याचा हिशेबही फोनच दाखवितो. आठवड्यातून एकदा तो हिशेब पाहणारा विद्यार्थी कारभाऱ्याचा खरा धनी होय.

पूर्वी खेड्यात टपालवाला पत्र देऊन जाई आणि निरक्षर माणसे ते वाचून घेण्यासाठी शाळेत जाणाऱ्या मुलाला बोलावीत. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या मुलाची खुशाली, मनिऑर्डरची रक्कम, घरातील भांडण, सारे त्या मुलाला कळे. पण चांगला मुलगा ते दुसऱ्या अंगणात सांगत नसे. आज तेच स्थान फोन जाणणाऱ्या मुलामुलींकडे आले आहे. आजोबा विश्वासाने फोन पुढे करतात, कित्येकदा पिनही मोठ्याने सांगू लागतात. अशा वेळी मुलाने मान वळवावी आणि पिन त्यांनाच टाकू द्यावा. काम करून देणे सोपे आहे. परंतु तेच काम आजोबांच्या बोटांना चार वेळा करावयास लावणे, हे अधिक मोठे साहाय्य होय. पाचव्या वेळी त्यांना कोणाला हाक मारावी लागत नाही, आणि किल्ल्या धन्याच्याच कमरेला राहतात.