कर्ज तिच्या नावावर, पैसा कुणाच्या हातात?

1976 सालची गोष्ट. बांगलादेशात चितगावजवळच्या जोब्रा गावात सुफिया बेगम बांबूची बैठी स्टुले विणत. बांबूसाठी लागणारे पाच टका त्या व्यापाऱ्याकडून उसने घेत. अट एकच, तयार माल त्यालाच द्यायचा, तो देईल त्या भावात. दिवसभर राबून हाती पन्नास पैसे राहत. कसब त्यांचे, श्रम त्यांचे, भाव मात्र व्यापाऱ्याचा.

चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मुहम्मद युनूस यांनी गावात चौकशी केली, तेव्हा अशा 42 जणांची गरज मिळून अवघी 856 टका निघाली. ती रक्कम त्यांनी स्वतः दिली. बँकेने मात्र तारण मागितले. घर-जमीन नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असताना बाईने तारण आणायचे कुठून? 1983 मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली, ती तारण न घेता, पाच-पाच जणींच्या गटाच्या भरवशावर. (ही बँक व्याज घेते. आपल्या घरांत तो स्वतंत्र चर्चेचा विषय आहे, इथे नको.)

पण कर्ज मिळाले म्हणजे धंदा तिचा झाला, असे नाही. ॲन मरी गेट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी 1996 मध्ये अशा योजनांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाईने उचललेले बरेचसे कर्ज प्रत्यक्षात घरातले पुरुष वापरत होते. आठवड्याचा हप्ता मात्र तिच्या नावावर. शरीअतने मेहर आणि स्वतःची कमाई स्त्रीच्याच मालकीची ठरवली आहे, हे त्या घरांनाही ठाऊक असणारच!

अडचण बाजाराची होती. गावचा आठवडी बाजार पुरुषांचा. गाय तिने पाळली तरी दूध विकायला तो जाणार, म्हणजे पैसेही त्याच्याच हातात पडणार.

म्हणून 1997 मध्ये सुरू झालेली फोनची योजना मला अधिक महत्त्वाची वाटते. बाईने कर्जावर मोबाइल घ्यायचा आणि गावकऱ्यांना मिनिटाच्या दराने बोलू द्यायचे. आखातात गेलेल्या मुलाशी बोलायला त्याची आई तिच्या दारात येई. आखाताच्या फोनची वाट पाहिलेल्या कोकणातल्या घरांना याचे मोल सांगायला नको. फोन तिच्या घरात असला, तर शेजारच्या बायाही निःसंकोच येत आणि पैसे तिच्या हातात पडत. तोच फोन नवऱ्याच्या दुकानात गेला, तर पुन्हा पहिलाच प्रकार.

पुढे मोबाइल स्वस्त झाले, घरोघर पोहोचले. मिनिटे विकत घ्यायला गिऱ्हाईकच उरले नाही.