काहून दाखवलं असं?

आमच्या अंगणाच्या भिंतीत दोन खिळे आहेत. महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही त्यांना पांढरी चादर ताणून बांधतो, स्टुलावर प्रोजेक्टर मांडतो आणि अंधार पडायची वाट पाहतो. मुकुटबनात आदिलाबादकडे जाणारी रेल्वे आहे, सिमेंटचा कारखाना आहे, चहूकडे पऱ्हाटीची वावरं आहेत. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. अंगणात बसणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी मराठी बोलतात, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाकडे गोंडी, पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, येणाऱ्यांच्या घरी कोलामी. मी सारा जन्म मुलांना मराठी शिकवलं. एका उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याला जाऊन महिनाभराचा चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम केला आणि तेव्हापासून सिनेमा नुसता बघून उठणं मला जमत नाही.

पहिल्या शनिवारी ‘गाभ्रीचा पाऊस’ लावला होता. सतीश मनवर यांचा 2009 चा सिनेमा. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर अलकाला धास्ती बसते, आपला किसनाही तसंच करील. मग ती लहानग्या दिनूला बापाच्या मागं मागं पाठवते, सासूलाही नजर ठेवायला सांगते, घरात नसलं तरी कुठून कुठून जमवून नवऱ्याला गोडधोड खाऊ घालते. नावातली शिवी ऐकून माणसं आधी हसली, कारण पावसाला ती त्यांनीही घातलेली होती. मग अंगण शांत झालं. सासूबाई खाटेवर बसून पाहत होत्या. मध्येच म्हणाल्या, “सारे त्याच्यावर ध्यान ठेवून राह्यले. तिच्यावर कोन ठेवते?”

पुण्याहून मी ज्या वह्या भरून आणल्या होत्या, त्यांतली बरीच पानं या एका प्रश्नात मावत होती.

चित्रपटाचे सिद्धान्त म्हटलं की वाचकांना वाटतं, ही विद्यापीठातल्या लोकांची गोष्ट. मला तसं वाटत नाही. आमच्याकडे ‘का’ला ‘काहून’ म्हणतात. काहून दाखवलं असं? दुसरं काही काहून नाही दाखवलं? प्रत्येक सिद्धान्त या दोन प्रश्नांपैकी एकाचा हात धरून चालतो. फरक एवढाच की अभ्यासक तो प्रश्न शेवटपर्यंत सोडत नाही.

सासूबाईंच्या प्रश्नाचंच बघा. लॉरा मल्वी या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी 1975 साली ‘स्क्रीन’ नावाच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. हॉलिवूडच्या सिनेमात बघणारा पुरुष असतो आणि बाई बघितली जाण्यासाठी असते, हे त्यांचं म्हणणं. कॅमेरा तिला बघतो, गोष्टीतला नायक तिला बघतो, आणि अंधारात बसलेला प्रेक्षक त्याच दोघांच्या डोळ्यांनी बघतो. मग प्रेक्षक स्वतः बाई असली तरी. नायिका नाचायला लागली की गोष्ट कशी थबकते, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मल्वींनी ते थबकणं पकडलं. त्यांच्या निबंधावर पुढे पुष्कळ वाद झाले, त्यांनी स्वतःही त्यात भर घातली, पण नजरेचा प्रश्न त्यानंतर कुणाला टाळता आला नाही.

आता ‘गाभ्रीचा पाऊस’ त्या प्रश्नासमोर ठेवा. इथं नजर उलटी फिरलीय. बायको, आई, पोर असे तिघं एका पुरुषाकडे एकटक बघतायत, आणि त्या बघण्यात अभिलाषा नाही, भीती आहे. किसनाला ती नजर काचते. अलकाच्या वाट्याला मात्र नुसतं बघण्याचं काम आलंय. आमच्या भागात अशा किती घरी ही राखण चालली असेल! बातमीत माणूस गेल्यावरचा आकडा येतो. त्याआधी कुणीतरी रात्र रात्र जागून त्याच्या श्वासाकडे कान लावलेला असतो, ते या सिनेमात येतं. आणि तरीही सासूबाईंचा प्रश्न उरतोच, कारण तो सिनेमाच्याही पुढचा आहे.

मल्वींच्या 38 वर्षं आधी प्रभातनं ‘कुंकू’ काढला होता, 1937 साली. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरचा, व्ही. शांताराम यांचा. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायलाच तयार नाही. शांता आपटे यांची नीरा मान खाली घालत नाही, समोरच्याच्या डोळ्याला डोळा देते, आणि नजर चुकवायची पाळी म्हाताऱ्यावर येते. पार्श्वसंगीत नाही, घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, एवढंच. मी मुलींना सांगते, आवाज बंद करून फक्त कोण कुणाकडे बघतंय ते मोजा. कागदावर दोन रकाने करा. पाच मिनिटांच्या प्रसंगात घरातली सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली, ते रकाने सांगतात.

दुसरा प्रयोग मुलांना फार आवडतो. त्यांनी मोबाइलवर एका आजोबांचा चेहरा टिपला, ओट्यावर नुसते बसलेले, काहीच न करता. त्या चेहऱ्याला एकदा आभाळ जोडलं, एकदा बँकेची नोटीस, एकदा पाळण्यातलं बाळ. शेजाऱ्यांना दाखवलं तर पहिल्या वेळी ते म्हणाले, आजोबा पावसाची वाट पाहून राह्यले. दुसऱ्या वेळी म्हणाले, कर्जापायी खचले. तिसऱ्या वेळी, नातवाचं कौतुक. चेहरा तोच! साधारण शंभर वर्षांमागे रशियात लेव्ह कुलेशोव्हनं असाच प्रयोग केल्याचं सांगतात. मोझुखिन या नटाचा चेहरा, आणि त्याला जोडून सूपची वाटी, शवपेटी, तरुणी. अर्थ एका चित्रात नसतो, दोन चित्रांच्या सांध्यात असतो. आयझेन्श्टाइननं या सांध्याची टक्कर केली आणि ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये 1925 साली ओडेसाच्या पायऱ्यांवर ती जगाला दाखवली. आज मोबाइलवर बातमी म्हणून फिरणाऱ्या कितीतरी चित्रफिती कुलेशोव्हच्या युक्तीवर चालतात. ही युक्ती शाळेत शिकवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

चित्रांच्या अशा जोडाजोडीला विरोध करणारा माणूस फ्रान्समध्ये होता, आंद्रे बाझँ. त्याचं म्हणणं, कापाकापी करून प्रेक्षकाच्या तोंडात घास कशाला भरवता? दृश्य लांबू द्या, मागचं-पुढचं सगळं स्पष्ट दिसू द्या, काय बघायचं ते माणसाला ठरवू द्या. 1958 साली वयाच्या चाळिशीतच तो गेला, पण इटलीच्या वास्तववादी सिनेमाबद्दल त्यानं लिहिलेलं अजून शिकवलं जातं. मराठीत हे समजून घ्यायचं तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ बघावा. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार, जे 2021 मध्ये करोनानं गेले. कॅमेरा खोलीच्या एका टोकाला उभा राहतो आणि हलत नाही. न्यायालयाला सुटी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, आणि आपण त्या काळोखात बसून राहतो. आमच्या अंगणात त्या क्षणी कुणीतरी ओरडलं, लाईट गेली काय? बाझँला हा प्रेक्षक आवडला असता.

दिग्दर्शक हाच सिनेमाचा लेखक, हा फ्रान्समध्येच रुजलेला विचार आपल्याकडे इतका मुरलाय की त्यावर मी शब्द खर्चत नाही. आपण ‘मंजुळेंचा सिनेमा’ म्हणतो, त्यातच तो आला.

‘आरआरआर’बद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय. 2022 मध्ये तो आला तेव्हा आमच्या गावची पोरं आदिलाबादला जाऊन तेलुगूत पाहून आली. त्यातला भीम म्हणजे कोमरम भीम, त्याच आदिलाबाद भागातला गोंड पुढारी. 1940 मध्ये जोडेघाटला निजामाच्या फौजेशी लढताना तो मारला गेला. जल, जंगल, जमीन ही घोषणा त्याच्या नावानं ओळखली जाते. आमच्याकडच्या गोंड घरांसाठी तो नदीपलीकडचा, पण आपला माणूस. मुलं त्या वाघाच्या, आगीच्या, नाचाच्या प्रसंगांनी भारून आली होती, आणि भारून जावं असंच ते चित्रण आहे. पण बारावीतल्या एका गोंड मुलीनं चार दिवसांनी विचारलं, “मॅडम, शेवटी भीम रामाला काहून म्हणते, मले शिकव?”

आम्ही तो शेवट पुन्हा लावला. राम, म्हणजे सिनेमातला दुसरा नायक, विचारतो, तुला काय हवं? भीम अक्षरं मागतो. मग जल, जंगल, जमीन हे शब्द झेंड्यावर राम लिहितो. आणि भीमाच्या चरित्रात सांगतात ते असं, की गाव सोडून तो चांद्याला आला, एका छापखान्यात राबला आणि तिथं लिहायला-वाचायला शिकला. चांदा म्हणजे आपलं चंद्रपूर, इथून फार लांब नाही. ज्यानं छापखान्यात अक्षरं कमावली, तो पडद्यावर ती दुसऱ्याकडे मागतो. निजामाच्या जागी इंग्रज येतो. तुरुंगातून सुटताना भीम रामाला खांद्यावर घेतो, पुढे राम धनुष्यबाण हाती घेतो, त्याची वाट पाहणारीचं नाव सीता असतं. म्हणजे भीमासाठी रामायणात कोणती जागा मोकळी उरली, ते वेगळं सांगायला नको.

हा काल्पनिक सिनेमा आहे, असं सुरुवातीलाच लिहून येतं आणि ते खरंही आहे. पण कल्पना कुठे वळली, हे विचारणं म्हणजेच विचारप्रणालीची समीक्षा. सिनेमा खोटा ठरवणं हा तिचा हेतू नसतो. कुणाला ज्ञान देणारा केलं आणि कुणाला घेणारा, कुणाचा शत्रू बदलला, कुणाची भाषा गेली, हे ती तपासते. त्या मुलीनं वहीत दोन पानं लिहिली, वर शीर्षक दिलं: ‘भीम चांद्याला गेला होता’. गेल्या काही वर्षांत मी वाचलेल्या समीक्षेत ती दोन पानं मला फार मोलाची वाटतात. सिनेमा तिला अजूनही आवडतो, आणि त्यात तिला काही विसंगत वाटत नाही.

मागच्या शनिवारी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ होता. गावभर हसं झालेला जब्या शेवटी दगड उचलतो आणि थेट कॅमेऱ्यावर भिरकावतो, पडदा काळा होतो. दगड मारला टिंगल करणाऱ्याला, पण तो येतो आपल्याकडे. म्हणजे सिनेमानं इतका वेळ आपल्याला कुठे उभं केलं होतं, ते त्या क्षणी कळतं. अमेरिकेत बेल हुक्स यांनी काळ्या स्त्रियांच्या संदर्भात हाच मुद्दा मांडला होता, की सगळे प्रेक्षक एका जागेवरून बघत नाहीत. चादरीवर दगड आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या पुष्कळांनी डोकी मागं घेतली, मीसुद्धा. मागं भिंतीला टेकून बसलेला नववीतला एक मुलगा जराही हलला नाही. चादर सोडताना मी त्याला विचारलं, तुला दचकल्यासारखं नाही झालं?

तो खिळ्याची गाठ सोडवत होता. म्हणाला, “माह्याकडं कुठं फेकून राह्यला होता तो, मॅडम?”