प्रोजेक्टरवर जेमची विंडो दिसत नाही? आधी ती कुठे उघडली ते शोधा



तुळशीचं लग्न झालं की मावळातली कार्यालयं आणि लोणावळ्यातल्या रिसॉर्टची लॉन भरायला लागतात. संगीताच्या रात्री स्टेजमागे गाण्याच्या ठेक्यावर हलणारी चित्रं हवीत, असं सांगणारी पार्टी आता नवीन राहिलेली नाही. हे काम तुम्ही कमी भांडवलात सुरू करू शकता. मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात बनवलेलं प्युअर डेटा फुकट मिळतं आणि चित्रांसाठी त्याला जोडायचं जेम हे प्लगिनही फुकट आहे.

अडचण येते ती ऐनवेळी. लॅपटॉपवर पॅच चालू आहे, आवाज येतोय, पण पडदा काळाच. पाहुणे बसलेत, आणि तुमचे बाकीचे पैसे कार्यक्रमानंतर मिळणार आहेत! अशा वेळी घाईघाईत पॅचमध्ये खाडाखोड करू नका. आधी एवढंच ठरवा: विंडो उघडलीच नाही, दुसरीकडे उघडली, की उघडली पण रिकामी आहे?

उघडलीच नसेल तर जेमविन लिहिलेला चौकोन बघा. त्याची कडा तुटक रेषेची दिसली तर जेम लोडच झालेलं नाही. प्युअर डेटा ६४ बिटचं असेल तर जेमही ६४ बिटचंच लागतं. कडा सरळ असूनही विंडो येत नसेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर तपासा. विंडोज नव्याने टाकलेल्या लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कधीकधी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' एवढंच दिसतं. जेमचं सगळं काम ओपनजीएलवर चालतं, म्हणून ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचा खरा ड्रायव्हर टाकावा लागतो.

पण माझ्या मते खरी गंमत दुसऱ्या प्रकारात आहे. प्रोजेक्टर जोडला की विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा. 'डुप्लिकेट' ठेवलंत तर तुमचा सगळा पॅच वऱ्हाडाला दिसेल. आता लॅपटॉपचा पडदा १९२० बाय १०८० असेल आणि सेटिंगमध्ये प्रोजेक्टर त्याच्या उजवीकडे मांडलेला असेल, तर जेमविनला ऑफसेट १९२० ० हा मेसेज द्यायचा. मग डायमेन, म्हणजे प्रोजेक्टरचं माप, समजा १२८० ८००. मग बॉर्डर ०. आणि हे सगळं झाल्यावर क्रिएट. (पॅचमध्ये हे शब्द अर्थातच इंग्रजीत, लहान अक्षरांत टाइप करायचे.) क्रिएट आधी दिलंत तर मागून दिलेली मापं लागतीलच असं नाही. मग डिस्ट्रॉय देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

घरी सराव करताना प्रोजेक्टर उजवीकडे होता आणि रिसॉर्टवर तो सेटिंगमध्ये डावीकडे आला, तर तोच पॅच विंडो अशा जागी उघडतो जिथे पडदाच नाही. डावीकडे असेल तर आकडा उणे होतो: ऑफसेट -१२८० ०. गोंधळ झालाच तर डिस्ट्रॉय, ऑफसेट ० ०, क्रिएट. विंडो लॅपटॉपवर दिसली म्हणजे पॅच ठीक आहे, फक्त जागा चुकली होती. विंडोजमध्ये डिस्प्लेचं स्केल १२५ टक्के असेल तर मापं फसू शकतात. ते १०० वर आणा.

विंडो आहे पण काळी, हे त्या मानाने सोपं. क्रिएटनंतर १ दिला का? त्याशिवाय चित्र काढायला सुरुवातच होत नाही. लायटिंग चालू आहे आणि पॅचमध्ये दिवा एकही नाही, असं झालं तरी अंधारच. फोटो येत नसेल तर फाइलचं नाव बघा. 'नवरा नवरी' अशी मधली मोकळी जागा असली की प्युअर डेटा त्याला दोन वेगळे शब्द समजतं. नाव जोडून, इंग्रजी अक्षरांत ठेवा.

आता धंद्याचं बोलू. कोटेशनमध्ये रेकीचे पैसे वेगळे लावा आणि ती शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी करा. शनिवारी घाटात गाड्या तुंबल्या की विसरलेली वस्तू आणायला माणूस पाठवण्यात अर्थ नसतो. लोणावळ्यात चिक्की पावलोपावली मिळेल, पंधरा मीटरची एचडीएमआय केबल मिळेलच असं नाही. विसार घेतानाच प्रोजेक्टर कोणाचा, त्याचं मॉडेल कोणतं आणि स्टेजपासून तुमचं टेबल किती लांब, हे लिहून घ्या. पॅचमध्ये 'उजवा' आणि 'डावा' असे मेसेजचे दोन तयार संच ठेवा. रिसॉर्टवर पोचल्यावर दोन्ही दाबून बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि तेवढी पाच मिनिटं साउंडवाल्याचं चेकिंग चालू असताना सहज मिळतात.